बिनहळदीचा हिवाळा

शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलला आज यंदाचा पहिला बर्फ पडला. तसा काही खास नव्हता. कोणीतरी चाळणीतून तांदळाची पिठी भुरभुरवावी तसा, मागच्या अंगणातल्या खुर्च्यांच्या पाठी पांढऱ्या करण्यापुरता. पण गावाच्या कर्मचाऱ्यांना तेवढं निमित्त पुरतं. लगेच बर्फ वितळवायला मिठाचा ट्रक निघाला. पंगतीत वाढपी जसा सगळ्यांच्या आधी मीठ वाढत जातो, तसा हा ट्रक रस्त्यावर मीठ वाढत जातो आणि पुढच्या फाळानं बर्फ खरवडतो. तो खर्रर्र आवाज आला की माझे कान आपोआप जिन्याकडे वळतात. वर कोणी नाही. ओवी, आमची मुलगी, आता एकोणीस वर्षांची आहे आणि दोन राज्यं पलीकडे एका युनिव्हर्सिटीत दगडांचा अभ्यास करते. बायको, वैशाली, सकाळच्या गाडीनं शिकागोला ऑफिसात गेलेली. घरात मी, माझा लॅपटॉप आणि मीटिंगमध्ये म्यूट करून बसलेली चौदा माणसं.

मी गप्पा मारणारा माणूस आहे. हे मी विनयानं सांगतोय. लोक याहून कडक शब्द वापरतात. पुण्यात आमच्याकडच्या लग्नांत मला मुद्दाम शेवटच्या पंगतीला बसवत, कारण पहिल्या पंगतीला बसवलं तर ती पंगत उठायचीच नाही. इथे आल्यावर तर माझा भाव आणखी वधारला. शनिवारी आमच्या तळघरात वीस-पंचवीस माणसं जमायची. नागपूरची, मुंबईची, पुण्याची, सगळी दिवसभर कोड लिहून आंबलेली. मी नकला करायचो, किस्से सांगायचो, मधेच उठून चालून दाखवायचो. वैशाली म्हणायची, "याला पगार नको, फक्त टाळ्या द्या." खरं होतं ते.

आणि मग एक हिवाळा असा आला की त्यात आमच्या घराचं दार कोणासाठीच उघडलं नाही.

ओवी तेव्हा आठ वर्षांची होती. पानं गळायच्या दिवसांत ती सकाळी लंगडायला लागली. आम्ही म्हटलं, शाळेत पडली असेल. मग म्हटलं, वाढीचं दुखणं असेल. दुपारपर्यंत ती पुन्हा अंगणात पळायची, म्हणून आम्हीही विसरायचो. पण एका सकाळी डावा गुडघा असा सुजला की पॅन्ट वर सरकेना. महिनाभर या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे फिरल्यावर शिकागोतल्या मुलांच्या हॉस्पिटलात निदान झालं: लहान मुलांचा संधिवात. मला तोवर वाटायचं संधिवात फक्त आत्यांना होतो, तोही पाहुण्यांसमोर.

भारतातून फोन सुरू झाले आणि प्रत्येकाकडे कारण तयार होतं. थंड पाणी. चीज. तिकडची हवा. फरशीवर अनवाणी चालणं. एका मामांनी तर आमच्या बाथरूमच्या दिशेचा नकाशा मागवला. फक्त ज्यांनी या रोगावर आयुष्य घालवलं होतं त्या डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "कारण आम्हाला माहीत नाही." उंच, करड्या केसांच्या बाई, स्टेथोस्कोपला कापडी जिराफ लटकवलेला. इतक्या बड्या माणसाला इतक्या स्वच्छपणे 'माहीत नाही' म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आमच्या खानदानात ते वाक्य कोणाच्या तोंडून निघालेलं नाही.

ओवीला समजावायचं काम अर्थातच मी अंगावर घेतलं. म्हटलं, हे बघ, आपल्या अंगात वॉचमन असतात. जंतू आला की त्याला धरून बडवतात. तुझे वॉचमन जरा येडपट आहेत, ते सोसायटीतल्याच माणसांना चोर समजून बडवतायत. मी शिट्टी फुंकत, हवेत दांडकं फिरवत खोलीभर फिरून दाखवलं. ओवी हसली नाही. तिनं विचारलं, "पण त्यांना कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगेल? त्यांचा त्यांचाच गैरसमज झाला."

"नो, बाबा. समबडी मस्ट हॅव टोल्ड देम."

मी हा किस्सा म्हणून डॉक्टरीणबाईंना सांगितला, हशा येईल म्हणून. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आम्हीही नेमकं हेच शोधतोय." त्यांच्या विभागात त्यावर संशोधन चाललं होतं. या मुलांच्या रक्तातले पहारेकरी बिघडतात कशानं, आणि एकाच औषधानं काही मुलं बरी होतात, काही होत नाहीत, असं का. ओवीनं त्यात भाग घ्यावा का? दर भेटीला रक्ताच्या दोन नळ्या जास्त आणि घरी रोज सकाळी एक नोंद: आज किती दुखतंय, शून्य ते दहा. मी सही केली. मुलांसाठी वेगळा सोपा कागद होता. त्यावर ओवीनं स्वतः नाव लिहिलं, शेवटच्या अक्षराला फुलपाखरू काढून.

औषध दर शुक्रवारी संध्याकाळी टोचायचं. वैशाली टोचायची, मी धरायचो. ते औषध पिवळंधमक होतं. त्यानं ओवीला रात्रभर मळमळायचं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक गंमत झाली, म्हणजे आज गंमत म्हणतो. वैशालीनं ताटात वरण वाढलं आणि ओवी ताट बघूनच बेसिनकडे पळाली. मग पोह्यांना पळाली, मग बटाट्याच्या भाजीला. नर्स म्हणाली, असं होतं, या औषधाच्या मुलांना पिवळा रंगच सोसत नाही. अमेरिकन घरांत एखादा उशीचा अभ्रा बदलला की भागत असेल. मराठी स्वयंपाकघरानं काय करायचं? वैशालीनं हळदीचा डबा उचलला आणि गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यांशेजारी नेऊन ठेवला. त्या हिवाळ्यात आम्ही पांढरं वरण खाल्लं, पांढरा बटाटा खाल्ला, दहीपोहे, तांदळाची उकड, साबुदाणा. बाहेर बर्फ, आत बर्फ. मी जेवताना म्हणायचो, "वाढा जरा ते पांढऱ्यावरचं पांढरं." कोणी हसायचं नाही. वैशाली ऑफिसातून थकून यायची आणि ओवी चमच्यानं भातात रस्ते काढत बसायची.

औषधानं वॉचमनांना झोप आणली होती, म्हणजे खरे चोर आले तरी ते उठणार नव्हते. म्हणून सर्दी-खोकल्याचं माणूस घरात नको. आणि शिकागोच्या हिवाळ्यात सर्दी नसलेलं माणूस आणायचं कुठून? शनिवार बंद झाले. आम्ही कोणाला खरं कारण सांगितलं नाही. का, ते आजही नीट सांगता येत नाही. मुलीच्या आजाराचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, ही कुठून तरी सोबत आणलेली सवय. "ओवीला जरा बरं नाही, नंतर भेटू," एवढाच निरोप. नंतर-नंतर निरोपही थांबले.

एक मिलिंद मात्र यायचा. माझा ऑफिसातला मित्र, मूळचा डोंबिवलीचा. दाराशी डबा ठेवून बेल वाजवायचा आणि गेला असं दाखवून खिडकीशी येऊन उभा राहायचा, कानटोपी, मफलर, एवढासा चेहरा उघडा. मी आतून काचेपाशी जायचो आणि सुरू व्हायचो. दोन काचांची खिडकी ती. बाहेर अक्षर ऐकू जात नव्हतं. तरी मी हातवारे करून अख्खा किस्सा सांगायचो आणि मिलिंद गारठ्यात उभा राहून हसायचा. भलत्याच जागी हसायचा. शेवट व्हायच्या आधीच टाळी वाजवायचा. मला वाटायचं, काय रसिक माणूस आहे! तो गेला की काचेवर माझ्या वाफेचा गोल उरायचा आणि त्याच्या वाफेचा, समोरासमोर, मग तेही जायचे.

तर आता उरला होता एकच प्रेक्षक, आणि तो पलंगावर पडलेला. वैशाली गाडी पकडायला अंधारातच निघायची, त्यामुळे सकाळ माझी. सकाळीच ओवीचे सांधे सर्वांत जास्त आखडलेले असायचे. मी पडदा सरकवायचो आणि खेळ सुरू. माझा सर्वांत गाजलेला खेळ म्हणजे ओवीच्या सांध्यांच्या हौसिंग सोसायटीची सर्वसाधारण सभा. डावा गुडघा म्हणजे चेअरमन, फुगलेला, कशावरच सही न करणारा. उजवं मनगट म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या काकू: "आमच्याकडे पाणीच येत नाही!" घोटे भाडेकरू, त्यांना मत नाही, पण आवाज सगळ्यांत मोठा. मी सगळ्यांचे आवाज काढायचो. ओवी हसायची. हसता हसता उशीत तोंड खुपसायची. तिचं हसणं शिगेला पोचलं की मी हातोडा आपटायचो, "सभा तहकूब!" आणि वही उघडायचो. "आता आकडा?"

"दोन."

रोज दोन. कधी तीन. मी वहीत लिहायचो आणि आरशात बघून स्वतःची पाठ थोपटायचो. माझा असा पक्का समज होऊ लागला होता की मुलगी औषधापेक्षा माझ्यामुळे बरी होतेय.

काल फोनवर मी ओवीला म्हटलं, त्या हिवाळ्यावर लिहू का? ती म्हणाली, "लिही. पण मला क्यूट करू नकोस."

"तू क्यूट नव्हतीसच. चिडकी होतीस."

"गुड. तसंच लिही." मग लगेच, "चेअरमनचा आवाज मात्र खरंच फनी होता हं." मी फोन ठेवल्यावर बराच वेळ तो आवाज काढायचा प्रयत्न केला. रिकाम्या घरात तो येत नाही.

मधल्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी गुडघा दाबून पाहिला, वाकवून पाहिला, वही पाहिली, पुन्हा गुडघा पाहिला. गुडघा सुजलेलाच होता. वही म्हणत होती दोन. त्या म्हणाल्या, काही मुलांना सूज असूनही दुखत नाही. आणखी काही आठवडे हेच औषध ठेवून बघू. पण सूज अशीच राहिली तर त्या गुडघ्याशी हाडाची वाढ बिघडेल, एक पाय लांब, एक आखूड होईल. मग पुढे सरळ करणं कठीण. त्या हे मला सांगत होत्या आणि ओवी खुर्चीतून दोन्ही पाय झुलवत होती. दोन्ही सारखे. मी टक लावून मापत होतो.

खोलीच्या कोपऱ्यात प्राजक्ता होती. नागपूरची, तिथेच संशोधन करणारी, या अभ्यासाच्या वह्या तिच्या ताब्यात. पहिल्या भेटीतच तिनं मला काका म्हटलं होतं. मी चाळिशी नुकती ओलांडलेला, अंगावर जीन्स, आणि काका! मी छातीवर हात ठेवून कोसळल्याची नक्कल केली होती. ती हसली नव्हती, फक्त म्हणाली होती, "उठा काका, ब्लड प्रेशर घ्यायचंय." त्या दिवशी वही चाळताना ती म्हणाली, "काका, एखाद्या सकाळी मला व्हिडिओवर दाखवाल का, तुम्ही आकडा कसा घेता ते?"

दाखवाल का! नवा प्रेक्षक! मी त्या सकाळी जीव तोडून खेळ केला. चेअरमन, काकू, भाडेकरू, शिवाय खास पाहुणा म्हणून महापालिकेचा इन्स्पेक्टर. ओवी खिदळत होती. सभा तहकूब, आकडा दोन. मी लॅपटॉपकडे वळून दाद घ्यायला वाकलो. पडद्यावर प्राजक्ता हनुवटी मुठीवर टेकून बसली होती.

"काका, रोज असंच करता?"

"रोज. एकही खाडा नाही."

"म्हणजे आधी हसवता, मग विचारता."

"मग काय रडवून विचारू?"

"तसं नाही जी," ती म्हणाली. आवाज खाली आणला, ओवीला ऐकू जाऊ नये म्हणून. "उद्या मीटिंग नका घेऊ. उठल्या उठल्या विचारा. आणि विचारून गप्प बसा."

"किती वेळ?"

"ती बोलेपर्यंत. तुम्हाला जमल ना?"

दुसऱ्या दिवशी मी पडदा सरकवला आणि पलंगाच्या कडेला बसलो. "किती दुखतंय?" विचारलं आणि ओठ मिटले. एवढी शांतता मी आयुष्यात कधी होऊ दिली नव्हती. हीटरची घरघर ऐकू येत होती. रस्त्यावरून मिठाचा ट्रक खरवडत गेला, टोकाला वळला, परत आला. ओवी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मीटिंग?"

"आज नाही."

"आर यू मॅड अ‍ॅट मी?"

"नाही गं."

 माझ्या घशात चेअरमन, काकू, सगळे दाटीवाटीनं उभे होते. मी कोणालाच सोडलं नाही. ओवीनं पांघरुणाची कड बोटाला गुंडाळली, सोडली, गुंडाळली. मग छताकडे बघत म्हणाली, "सात."

मी वही उघडली नाही. "काल किती होतं?"

"सात. संडेला आठ."

"मग दोन का सांगायचीस?"

तिला माझं हे न कळणंच खरं तर कळेना. "तू एवढं सगळं करायचास ना," ती म्हणाली. "यू ट्राइड सो हार्ड, बाबा. मग सात सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं."

आठ वर्षांची पोर. रोज सकाळी, आखडलेल्या गुडघ्यासकट, माझा खेळ पडू देत नव्हती. मला एकदम काचेपलीकडचा मिलिंद दिसला, भलत्या जागी हसणारा.

तिला वाचायला पुस्तक देऊन मी गॅरेजमध्ये गेलो. तिथे रडलो की नाही ते सांगत नाही. मग प्राजक्ताला फोन केला. म्हटलं, सगळे आकडे खोटे आहेत. चूक माझी आहे. तुमचा अभ्यास मी नासवला. आम्हाला काढून टाका, पण तिचं औषध बदला.

"कोणी काढत नाही काका," ती म्हणाली. "वही तशीच ठेवा, खाडाखोड नका करू. आजच्या तारखेला लिहा की आजपासून आधी विचारलं. आमच्याकडे नोंद राहील. आणि आणखी किती घरांत असंच होत असल, तेही विचारून बघायला पाहिजे आता. मॅडमला मी आत्ताच सांगते." फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आणि काका, पोरगी हसत होती ते खोटं नव्हतं. फक्त आकडा खोटा होता."

औषध बदललं. नवं पाण्यासारखं, बिनरंगाचं. पण त्यानं काही जादू केली नाही. सात, सात, सात. सहा. पुन्हा सात. प्रत्येक सकाळी मी विचारायचो आणि ऐकून घ्यायचो आणि मला काहीही करता यायचं नाही. आधी निदान मी कामात असायचो. आता मी पलंगाच्या कडेला बसलेला एक माणूस होतो, हातात पेन घेतलेला. दुखणं तिच्या गुडघ्यात, तिथवर मला जाता येत नव्हतं, आणि माझ्या गप्प बसण्यापर्यंत तिलाही येता येत नसावं. एकाच पलंगावर आम्ही दोघं आपापल्या जागी एकटे बसायचो. मग मी तिला उचलून गरम पाण्याच्या टबाशी न्यायचो. कधी कधी आकडा लिहून झाल्यावर ती म्हणायची, "आता मीटिंग घे." मी घ्यायचो. पण चेअरमनचा आवाज काढताना मी तिच्या तोंडाकडे बघायला लागलो होतो, आणि नकला करणाऱ्यानं समोरच्याच्या तोंडाकडे असं बघायचं नसतं.

बर्फ वितळायला लागला. रस्त्याकडेचे ढीग काळे पडले, खचले. पाच. चार. मग एका सकाळी "तीन". मी दचकलो. हे तीन खरे की माझ्यासाठी? पुन्हा विचारलं. "तीन म्हटलं ना!" तपासणीत सूज उतरलेली दिसली, तरी माझा विश्वास बसेना. तीन, तीन, अडीच. वहीत लिहीत होतो, पण प्रत्येक आकड्यापुढे मनात एक प्रश्नचिन्ह काढत होतो. एकदा फसलेल्या प्रेक्षकासारखं. पण इथे प्रेक्षक कोण होता, हाही प्रश्नच.

पाडव्याला डॉक्टरीणबाईंनी पाहुण्यांना परवानगी दिली. मागच्या लाकडी डेकवर गुढी उभारली, आणि दुपारी जेवायला वीस-बावीस माणसं जमली. वैशालीनं सगळ्यांना आधीच खरं काय ते फोनवर सांगून टाकलं होतं. कोणी फाजील चौकशी केली नाही, फक्त सगळ्यांनी दारातच हात धुतले. जेवणं झाली आणि मिलिंद ओरडला, "चल, काढ आता घोडा!"

घोडा म्हणजे माझा हुकमी किस्सा. वरातीतला घोडा नवरदेवाला घेऊन उधळतो आणि भलत्याच मांडवात शिरतो. चार महिन्यांनी समोर माणसं होती, काच नव्हती. मी घोडा झालो, नवरदेव झालो, घोड्यामागे धावणारा मामा झालो. लोक डोळे पुसत होते. भटजी घाईत, मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, नवरीनं मान वर केली, आणि मी ते सुप्रसिद्ध थांबणं थांबलो, बोट हवेत.

"बाबा." जिन्याशी ओवी उभी होती. "माझा गुडघा दुखतोय."

वीस माणसं, सगळ्यांचे श्वास माझ्या बोटाला टांगलेले. तिला ते दिसत होतं. या किस्स्यात हा थांबायचा क्षण कधी येतो हे तिला पाठ होतं. तरी ती म्हणाली. भर सभेत, माझ्या तोंडावर, माझा सर्वांत चांगला खेळ पाडून. आणि मला त्याच क्षणी कळलं की आधीचे तीन खरे होते, अडीचही खरे होते.

मी बोट खाली घेतलं. आम्ही दोघं जिना चढलो, ती कठड्याला धरून, मी एक पायरी मागे. वरच्या पायरीवर बसलो.

"किती?"

"चार."

"बरं."

 खाली कोणी तरी खाकरलं. मग मिलिंदचा आवाज, दुसऱ्या कोणाला विचारणारा, तुमचा बर्फ उडवायचा स्नोब्लोअर कुठल्या कंपनीचा. मग ताटल्यांचे आवाज, कोणीतरी काहीतरी सांगितलं, आणि सगळे हसले. मोठ्यानं, मनापासून. माझ्याशिवाय.

"यू कॅन गो फिनिश इट," ओवी म्हणाली. "दे आर वेटिंग."

आम्ही दोघांनी कान देऊन ऐकलं. कोणी थांबलेलं नव्हतं. तेही तिला कळलं असावं, कारण तिनं डावा पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला. गुडघा गरम होता. मी त्यावर हात ठेवला आणि गप्प बसून राहिलो.